धनवंताबाईंनी गाडी काढली

त्या बुधवारी बिसनलाल रहांगडाले यांनी मोटारसायकलची किल्ली घरीच खिळ्याला अडकवून ठेवली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा! एरवी ती किल्ली सदऱ्याच्या खिशात, सदरा अंगावर, आणि अंग शक्यतो मोटारसायकलवर, असा त्यांचा संसार होता. पण त्या दिवशी गोंदियाला डोळे तपासायला जायचं होतं, तेही बसनं. पुण्याहून शिकून परत आलेली मुलगी रविता सकाळीच म्हणाली, "बाबूजी, डोळ्यांत औषध टाकतील, सगळं धूसर दिसेल. किल्ली पडली तर सापडायची नाही. ठेवून जा."

मुद्दा बिनतोड होता. (पुण्याला शिकलेल्या मुलींचे मुद्दे बिनतोडच असतात, हे बिसनलाल यांनी गेल्या वर्षभरात सोसून ओळखलं होतं.) त्यांनी किल्ली खिळ्याला लावली, एकदा मागे वळून पाहिलं, आणि बस पकडली.

या गाडीची कहाणी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बिसनलाल आठ वर्षांचे असताना बोदलकसा तलावाची पाळ पाहायला कोणी एक साहेब फटफटीवर आला. गावातली सगळी पोरं साहेबाकडे पाहत होती, बिसनलाल फटफटीकडे. साहेब पाळीवर चढताच त्यांनी जवळ जाऊन पेट्रोलच्या टाकीचा वास घेतला, मग डोळे मिटून आणखी एकदा घेतला, आणि प्रेमानं सायलेन्सरला पोटरी टेकवली. पोटरीची कातडी तिथंच राहिली. दुसऱ्या कोणी जन्मभर फटफटीचं नाव घेतलं नसतं. बिसनलाल रडत रडत आईला म्हणाले, "माय, गरम होती वो! जिवंत होती!"

तिरोड्याच्या कॉलेजात ते एका मित्राची गाडी रोज धूत. बदल्यात शनिवारी एक फेरी मिळे. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून झाले, लग्न झालं, आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःची गाडी आणली. जुनी, काळी, आणि आवाजात दर तिसऱ्या ठोक्याला किंचित अडखळणारी. गोंदियापासून गावापर्यंत पहिल्या दोन गेअरमध्येच आणली, कारण पुढचे गेअर कसे टाकायचे ते विचारायला लाज वाटली. दारात धनवंताबाईंनी आरती ओवाळली. बिसनलाल म्हणाले, "पहिले तिले ओवाळ."

त्या दिवसापासून धनवंताबाई त्या गाडीला सवत म्हणू लागल्या.

आणि सवतीशी बोलायचं नसतं, तसा हात लावायचाही हुकूम नव्हता. धनवंताबाईंची जागा मागे. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी. हँडलला हात लावला की बिसनलाल असे दचकत, जणू देवघरात कोणी चपला घालून शिरलं. पुढे रविता परत आली आणि "प्रत्येक बाईच्या हातात तिची स्वतःची किल्ली पाहिजे" असं जेवताना, झाडताना आणि पाहुण्यांसमोर बोलू लागली. बिसनलाल मान डोलावत. तत्त्व त्यांना पूर्ण मान्य होतं. फक्त ती किल्ली या गाडीची नसावी.

आदल्या संध्याकाळी मात्र भांडण झालं होतं. धान मळून झालं होतं आणि कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, पोती ठेवायला जागा नव्हती.

"कोठा त्या फटफटीनं अडवला," धनवंताबाई म्हणाल्या. "पोते का माह्या डोक्यावर ठेवू? काढा ते एकदाची!"

"तिले नाई काढाचं."

"तुमी नाई काढत तं मी काढतो!"

हे शेवटचं वाक्य (आमच्याकडे बायकाही 'करतो'च म्हणतात) बिसनलाल यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गोंदियाच्या दवाखान्यात नर्सनं दोन्ही डोळ्यांत औषध टाकलं आणि अर्धा तास डोळे मिटून बसा म्हणून सांगितलं. वीस मिनिटं झाली असतील, खिशातला फोन वाजला. समोर राहणारा मंगरू.

"काकाजी, काकीनं गाडी काढली ना जी!"

बिसनलाल यांचे डोळे खाडकन उघडले. दिसलं काहीच नाही. "काय केलं?"

"काढली! आमी सारे उभे राहून पाहूनच राहिलो. मी म्हनलं, काकाजीले माहीत हाय का? तं काकी म्हने, सांगू नोको त्याहीले."

"अन् गाडी? गाडी कुठं हाय?"

"गेली जी. तिरोड्याकडं गेली. माह्या डोर्‍यानं पायली."

फोन तुटला.

आता आमच्या भागात 'गाडी काढली' हे दोन शब्द फार धोक्याचे आहेत. कोठ्यातून बाहेर आणली तरी काढली. शोरूममधून नवी कोरी घेतली तरी काढली. आणि घरातून कायमची घालवली तरीही काढलीच. कोणता अर्थ घ्यायचा, ते ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर. बिसनलाल यांच्या मनात कालचं भांडण होतं. शिवाय बुधवार होता, आणि दर बुधवारी तिरोड्याचा मुन्ना भंगारवाला आपली चारचाकी घेऊन गावात येतो.

"काका, कुठं चालले? तपासणी बाकी आहे!" नर्स मागून ओरडली.

"इथं जीव जाऊन राहिला, डोरे पाहून का करू!" म्हणत बिसनलाल जिना उतरले. (शेवटच्या दोन पायऱ्या त्यांना दिसल्या नाहीत. त्या ते एकदम उतरले.)

बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी धनवंताबाईंना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सहाव्या खेपेला रवितानं उचलला.

"बाबूजी, माय आत्ता बोलू शकत नाही."

"गाडी कुठं हाय?"

पलीकडे कुठंतरी माणसांचा गलका. "गाडी… तिरोड्याला आहे. बाबूजी, तुम्ही शांत राहा. घरी आलो की सगळं सांगतो. जे होऊन राहिलं ते चांगल्यासाठीच आहे."

'चांगल्यासाठीच' म्हटलं की माणूस गेलेलाच असतो, एवढं जग बिसनलाल यांनी पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर (डोळ्यांसमोर म्हणजे मनात, डोळ्यांसमोर सगळं दुधाळ होतं) भंगाराचा ढीग आणि गॅस कटरच्या ठिणग्या नाचू लागल्या. टाकी एकीकडे, हँडल दुसरीकडे.

गंगाझरीच्या पुढे रस्त्याच्या कडेला ती दिसली. काळी, चकचकीत, मान वाकडी करून उभी.

"थांबवा! थांबवा! माझी हाय ते!"

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंडक्टरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आत घेतलं, आणि विचारलं, "काका, ते भैस होय. तुमची होय का?"

बस हसली. बिसनलाल खाली बसले, आणि तिरोडा येईपर्यंत त्यांनी आपलं म्हणून काहीही ओळखलं नाही.

तिरोड्याला उतरून ते मुन्नाच्या यार्डात शिरले तेव्हा ऊन डोळ्यांत सुईसारखं टोचत होतं. आतून 'स्सऽऽ' असा कटरचा आवाज येत होता. उजेडाचा एक निळा ठिपका, आणि त्याच्या पुढ्यात काहीतरी काळं, लोखंडी, ओळखीचं.

"मुन्ना! हात नोको लावू!"

चाळणीत पाय, टायरमध्ये पाय, कुलरच्या पत्र्यावर गुडघा, असे करत बिसनलाल त्या काळ्या वस्तूपर्यंत पोचले आणि तिला मिठी मारून बसले.

मुन्नानं कटर बंद केला. "क्या हुआ चाचा?"

"पहिले मले काप! मंग तिले काप!"

"किसको?"

"हिले! चौतीस साल, मुन्ना! चौतीस साल झाले. कधी दुसऱ्याचा हात लागू नाई देल्ला. हिनं मले अर्ध्या रस्त्यात कधी सोडलं नाई." बिसनलाल यांनी मिठी आणखी घट्ट केली. "माह्या बायकोनं रागात देल्ली असंन. तिच्या मनात तसं नाई. परत दे."

यार्डातले दोन-तीन गडी जवळ येऊन उभे राहिले. एकानं तर कानावरची बिडी काढून हातात धरली. मुन्नानं कटर बाजूला ठेवला. मग खाली बसून हळूच म्हणाला, "चाचा, आप जिससे लिपटे हो, वो आटाचक्की का इंजन है. कल मुर्री से आया."

बिसनलाल यांनी चाचपून पाहिलं. टाकी नव्हती. हँडल नव्हतं. एक पट्टा होता, आणि त्यांच्या सदऱ्याला पीठ लागलं होतं.

"डोर्‍यात औषध हाय," ते पुटपुटले.

"आपकी गाडी मैंने नहीं ली. कैसे लूँगा? पाँच बार पूछ चुका चाची को. पिछले बुधवार को चाची बोली, अब के गाडी का नाम लिया तो तुझंच भंगार करून टाकीन."

"धनवंता असं म्हनली?"

"बेलन था हाथ में."

बिसनलाल यांना एकदम भरून आलं, आणि लगेच दुसरी धडकी भरली. भंगारात नाही, तर मग गाडी आहे कुठं? किल्ली तर खिळ्याला उघडी टांगलेली. काढली, कोणीतरी काढली आणि पळवली!

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. ढब, ढब, अडखळून ढब.

तो आवाज लाखांत ओळखला असता. बिसनलाल पत्रे तुडवत फाटकाबाहेर धावले आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. समोरून धूसर काळी आकृती वेगानं वाढत होती. हॉर्न वाजला. ते हलले नाहीत. मागून मुन्ना ओरडला, "चाचा, हटो!" ते हलले नाहीत. चाक त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. आकृतीवर हेल्मेट होतं, सलवार-कुडता होता.

"उतर खाली! चोर! कोन होय तू?"

"चोर कोनाले म्हनता जी? अन् मरता का मधात उभे राहून?"

त्या आवाजापुढे डोळ्यांतल्या औषधाचं काही चालत नाही. बिसनलाल यांचे पसरलेले हात तसेच राहिले.

"धनवंता?"

"मंग का गावची सरपंच?" धनवंताबाईंनी हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, चेहरा घामानं निथळलेला, आणि असा उजळलेला की तो धूसर डोळ्यांनाही दिसला. "पास झालो मी."

मागून स्कूटरवर रविता येऊन थांबली. मग सगळं बाहेर आलं. तिरोड्यात आरटीओचं शिबिर होतं. धनवंताबाईंनी तिथं आठाचा आकडा काढून दाखवला, पाय न टेकवता. शिकल्या होत्या शाळेतल्या भूपेंद्र गुरुजींच्या गाडीवर, बोदलकशाच्या पाळीवर, बिसनलाल वाचनालयात पेपर वाचत तेव्हा. चार महिने. पण परीक्षा द्यायची तर आपल्याच गाडीवर, असा हट्ट त्यांनी धरला आणि त्यात मात्र मुलीचंही ऐकलं नाही.

"मले सांगाचं होतं," बिसनलाल म्हणाले.

"सांगतलं असतं तं देल्ली असती किल्ली?"

बिसनलाल यांनी मुद्दा बदलला.

"अन् काल म्हनली, काढा ते एकदाची?"

"कोठ्यातून काढा म्हनलं. बाहीर छपरी टाकून तिथं ठेवा म्हनलं. पोते आत, गाडी बाहीर. पुरतं आयकता कधी?" धनवंताबाईंनी टाकीवरून हात फिरवला, सहज, घरच्या माणसाच्या पाठीवर फिरवावा तसा. "चौतीस वर्षं मागं बसून गेअर मोजले मी. तुमी तिसरा नेहमीच उशिरा टाकता. बिचारी हिसका देते."

बिसनलाल यांना या आरोपावर पुष्कळ बोलायचं होतं. पण गाडी सुखरूप होती, एवढ्यावर त्यांनी ते सोडून दिलं. त्यांनी हात पुढे केला. "बरं. आन किल्ली. मी घेतो घरी."

"भैस अन् गाडी तुमाले एक दिसून राहिली, आन किल्ली म्हने! कंडक्टर मंगरूच्या साळ्याचा मित्र होय. फोन आला मले. बसा मागं."

स्कूटरच्या डिक्कीतून रवितानं जास्तीचं हेल्मेट काढलं. गुलाबी होतं, वर फुलपाखरू. बिसनलाल यांनी ते घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच गाडीवर मागे बसले. मागे बसणाऱ्यानं हात कुठं ठेवायचे, हा प्रश्न त्यांना चौतीस वर्षांत पडला नव्हता, तो आता पडला. पाय कुठं, तोही पडला. पाठीमागे काहीच नव्हतं. पुढे सगळं दुसऱ्याच्या हातात. त्यांनी दोन्ही मुठींनी कॅरिअर धरलं आणि देवाचं नाव घेतलं. पहिला गेअर, दुसरा, आणि मग नेमक्या वेळी तिसरा. हिसका बसला नाही. सबंध रस्ता ते वाट पाहत राहिले, आता बसेल, आता बसेल. बसला नाही.

गावाच्या चौकात गर्दी होती. मंगरूनं 'काकीनं गाडी काढली' ही बातमी सकाळपासून घरोघर पोचवली होती, आणि गावानं आपल्या सोयीचा अर्थ घेतला होता. नारळ होता, हळदकुंकवाचं ताट होतं, पेढे मागायला पोरं होती. ऐंशीच्या पुष्पाबाई काठी टेकत पुढे आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या,

"काऊन वो धनवंता, नवी गाडी काढली म्हनत होते. हे तं जुनीच होय."

"गाडी जुनीच, मामी. चालवनारी नवी."

"अन् मांगं हा गुलाबी टोपीचा कोन बसला?"

धनवंताबाईंनी स्टँड लावला आणि मागे न पाहताच सांगितलं,

"तो बी जुनाच होय. भंगारात जाऊन बसला होता, पन मुन्ना म्हने, चाची, हे परत घेऊन जा."