ताईचे ऐंशी क्रेडिट

"एक वर्ष! फक्त एक वर्ष! पुढच्या वर्षी याच वेळेला मी पदवीधर!"

सलूनमधल्या ताईने ही घोषणा केली, तेव्हा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचे एका बाजूचे केस कानापर्यंत आले होते आणि दुसऱ्या बाजूचे खांद्यावर लोळत होते. गिऱ्हाईक बिचारं म्हणालं, "अभिनंदन हो! पण आधी ही बाजू तेवढी..."

तिचा बेत साधा होता. ताईने पूर्वी दोन वर्षं कॉलेज केलं होतं. मग कंटाळा आला, दिलं सोडून. पण त्या दोन वर्षांत पास केलेल्या विषयांचे ऐंशी क्रेडिट तिच्या नावावर जमा होते. ते विद्यापीठात नेऊन दाखवायचे आणि थेट तिसऱ्या वर्षात जाऊन बसायचं!

घाईचं कारणही तसंच होतं. केस कापायला शिकवणाऱ्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. तिथल्या मॅडमनी ताईला सांगितलं होतं, "तुझा हात छान आहे गं. पण पदवी पाहिजे. एक वर्ष थांबते. नाही जमलं तर दुसरी कुणीतरी बघते." दहा वर्षं उभं राहून ताईच्या पोटऱ्यांचे दगड झाले होते. बसून शिकवायची ही नोकरी तिला कुठल्याही परिस्थितीत हवी होती.

चार गुणपत्रिका आणि कॉलेजातलीच दोन सर्टिफिकिटं घेऊन ताई मावशीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. मावशी म्हणजे कागदांच्या बाबतीत स्वतःला सरन्यायाधीश समजणारी बाई.

"ओरिजिनल आहेत?" मावशीने विचारलं.

"हो."

"आणि अशी उघडी घेऊन फिरतेस? आण इकडे!"

"अगं मावशी, मला फक्त झेरॉक्स..."

"तू गप्प बस. ऑफिसात कोण कशा हातांनी धरेल, सांगता येतं का?"

ताईने तोंड उघडेपर्यंत लॅमिनेशनच्या मशीनने चारही गुणपत्रिका गिळल्या आणि दुसरीकडून कडक, चकचकीत करून बाहेर काढल्या. प्लास्टिक तिथेच संपलं. म्हणून पोहण्याचं आणि प्रथमोपचाराचं अशी दोन सर्टिफिकिटं तेवढी उघडी राहिली.

"बघ, आता शंभर वर्षं काही होत नाही!" मावशी म्हणाली.

शंभर वर्षं कशाला? सोमवारीच झालं!

विद्यापीठाच्या खिडकीतल्या बाईंनी पहिल्या गुणपत्रिकेवर शिक्का मारला. शिक्का सर्रकन घसरला. दुसऱ्यांदा मारला. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. बोट जांभळं झालं, गुणपत्रिका कोरी.

"लॅमिनेशन कुणी केलं?"

"मावशीने."

"मावशी शिकलेल्या आहेत?"

ताईचा पारा चढला. मावशीला काय बोलायचं ते घरातल्यांनी बोलायचं! "तुम्ही शिक्का नीट मारा की! हात थरथरतोय तुमचा!"

"बावीस वर्षं मारतेय. तपासल्याचा शिक्का नाही, तर क्रेडिट नाही." बाईंनी उघड्या कागदांवर मात्र दणादण शिक्के उमटवले. "पोहणं, दोन. प्रथमोपचार, दोन. एकूण चार क्रेडिट मंजूर. बाकीचं शुक्रवारपर्यंत आणा."

ऐंशी हवे होते, मिळाले चार! या हिशोबाने कुणी बुडायला लागलं तर ताई त्याला वाचवू शकली असती, पदवी मात्र नातवंडांसोबतच!

ताई तरातरा सलूनमध्ये आली. प्लास्टिक गरम करून चिकटलंय, म्हणजे गरम केलं की सुटणार! तिने केस सरळ करायचं यंत्र तापवलं आणि पहिली गुणपत्रिका त्यात धरली. प्लास्टिक सुटलं! ताईने आनंदाने उडी मारली. मग खाली बघितलं. प्लास्टिकसोबत गुणही सुटले होते. कागदावर कॉलेजचं नाव, आणि बाकी सगळा पांढरा शुकशुकाट!

दुसऱ्या दिवशी तिने कागदावर प्लास्टिक ठेवून खिडकीत सरकवलं. वाटेत ते जरासं सरकलं होतं.

"इतिहासात नापास आहात," बाई म्हणाल्या.

"छे! साठ आहेत!"

"साठ अर्थशास्त्रापुढे आहेत. आणि प्राचार्यांच्या सहीच्या जागी पंचेचाळीस आहेत. प्राचार्य काठावर पास झालेत वाटतं."

मागच्या रांगेत खसखस पिकली. ताईने वळून एकेकाकडे असं बघितलं, की रांग आपोआप सरळ झाली.

बुधवारी ताई जुन्या कॉलेजात गेली. दुसऱ्या गुणपत्रिका मिळाव्यात म्हणून रडण्याची तयारी करूनच गेली होती. रुमालही घेतला होता. तिथल्या क्लार्कने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कागद कशाला? आम्ही निकाल कॉम्प्युटरवरून परस्पर पाठवतो." त्याने दोन बटणं दाबली. "गेलं."

"गेलं?"

"गेलं."

रुमाल वायाच गेला.

शुक्रवारी खिडकीतल्या बाई पहिल्यांदा हसल्या. "आले बरं! ऐंशीच्या ऐंशी मंजूर. आता तुमचा प्रवेश दुसऱ्या वर्षाला."

"तिसऱ्या!"

"दुसऱ्या. बाहेरचे क्रेडिट कितीही असोत, आमची पदवी हवी तर आमच्याकडे दोन वर्षं काढावी लागतात. तुमचे जास्तीचे क्रेडिट वाया नाही जाणार. त्यातून दुसऱ्या वर्षाचे चार विषय माफ. गणितसुद्धा!"

"मग हे सोमवारी का नाही सांगितलंत?"

"सोमवारी तुम्ही माझ्या हाताबद्दल बोलत होतात."

ताई बाहेर जिन्यावर येऊन बसली. दोन वर्षं म्हणजे नोकरी गेली. डोळे मिटून शाळेच्या मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे मॅडमनी आवाज एकदम खाली आणला.

"दुसरं वर्ष म्हणालीस? त्याच विद्यापीठात?"

"हो मॅडम."

"कुणाला सांगू नकोस हं. मीही तिथेच दुसऱ्या वर्षाला आहे. गणितात तीनदा उडालेय."

"तुम्ही? पदवी तर तुम्हीच मागत होतात!"

"शाळेचा नियम आहे, मी काय करू? माझं अजून निभावतंय. ते जाऊ दे. तू गणितात कशी आहेस?"

"बरी आहे. एकाहत्तर होते."

"एकाहत्तर! अगं मग दोन काय, तीन वर्षं जागा ठेवते तुझ्यासाठी! तू फक्त गणिताच्या तासाला माझ्याशेजारी बस."

ताई उठली. पदर झटकला, परत रांगेत उभी राहिली आणि खिडकीशी आल्यावर जन्मात पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाली, "बाई, माझं गणित तेवढं माफ करू नका ना."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि एक कोरा अर्ज पुढे सरकवला.

"मंजूर झालेले क्रेडिट नाकारायचे असतील, तर मूळ गुणपत्रिका जोडा."