नमद्याला जोमार्तचा हातभार

बायकोला मदत करायची, असं जोमार्तने शनिवारी सकाळी चहाची दुसरी वाटी संपवता संपवता ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटलं. एरवी हा माणूस अगदी निरुपद्रवी. कोचकोरच्या पाटबंधारे कचेरीत कारकून. कोणाच्या शेताला कालव्याचं पाणी कधी सोडायचं हे तो लोकांना सांगतो आणि पाणी आपल्या मर्जीने येतं. अशा माणसाने मदत केली नाही तर जगाचं काही अडत नाही. पण बायकोच्या बाबतीत त्याचा जीव जरा जास्तच हळवा.

ती होतीच तशी. बुरुल दवाखान्यात नर्स. दिवसभर गावाला सुया टोचायच्या, घरी येऊन सासू, दोन मुली, गाय आणि जोमार्त यांचं बघायचं (क्रम तिचाच), आणि त्यातून उरेल तो वेळ नमद्यांचा, म्हणजे लोकर लाटून केलेल्या गालिच्यांचा. उरायचा काहीच नाही, पण त्या काहीच नाहीतूनही ती वेळ काढायची. कणीक मळायला बसली की आधी पिठात बोटाने नक्षी काढून बघायची. सासूबाई उमसुनाय येता-जाता त्यावर लाटणं फिरवून जायच्या. एकदा लोकर रंगवून तशाच निळ्या हातांनी कामावर गेली, तर डॉक्टरांनी रोग्यांना बसवून ठेवून आधी तिला तपासलं.

डॉक्टरांच्या खुर्चीवर तिने केलेलं नमद्याचं आसन असतं. गेल्या वर्षी वसंतात राजधानीहून, बिश्केकहून प्रदर्शनवाल्या एक बाई आल्या, पाय मुरगळला म्हणून दवाखान्यात गेल्या आणि पाय विसरून ते आसनच बघत बसल्या. म्हणाल्या, "मोठा नमदा कर. समोरची भिंत तुझ्यासाठी ठेवते." त्या दिवसापासून जोमार्त कचेरीत पाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी ही बातमी द्यायचा. आणि सांगताना नेहमी "आम्ही नमदा करतोय" असं म्हणायचा. आम्ही.

नमदा ठरला तो बुरुलच्या रोजच्या वाटेचा. एका कोपऱ्यात घराची चूल, दुसऱ्या कोपऱ्यात दवाखान्याची खिडकी आणि दोहोंमध्ये वळणं घेत जाणारा लाल रस्ता. वर्षभर तिने त्यासाठी लोकर पिंजली, रंगवली. आता फक्त लोकर चटईवर पसरून, उकळतं साबणाचं पाणी ओतून, गुंडाळून, जमिनीवरून ओढून घट्ट लाटायची तेवढी बाकी होती. सोमवारी सकाळी प्रदर्शनासाठी सगळ्यांच्या वस्तू घेऊन ट्रक निघणार. म्हणजे लाटणं शनिवारीच व्हायला हवं, नाहीतर नमदा वाळणार कधी.

आणि शनिवारीच उमसुनायच्या विहीणबाई यायच्या होत्या. जोमार्तच्या धाकट्या बहिणीच्या सासूबाई, शारिपा, लग्नानंतर पहिल्यांदाच, नवऱ्याला आणि दोन नणंदांना घेऊन. विहिणीला पुढच्या आठवड्यात या असं सांगणारी सासू अजून त्या खोऱ्यात जन्माला आलेली नाही. मेंढा कापून झाला होता. त्यात लाटायला येणार म्हणालेल्या दोन्ही शेजारणी दुसऱ्या गावी मयतीला गेल्या.

बुरुलने पसरलेल्या लोकरीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

ओरडली असती तर जोमार्तला चाललं असतं. तिचं ते हळू बोलणं मात्र त्याला खोल लागलं. पुढच्या वर्षी गायही असणार, सासूही असणार आणि कोणाच्या ना कोणाच्या विहिणी येतच राहणार, हे त्यालाही कळत होतं. म्हणून त्याने चहाची वाटी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "तू फक्त नमदा कर. हंडे मी बघतो, पाहुणे मी बघतो, नमदा ओढायला गाडी मी काढतो. तू घरात पाऊल टाकायचं नाहीस."

बुरुल त्याच्याकडे बघत राहिली. आमच्याकडे बायका नवऱ्याकडे असं बघायला लागल्या की नवऱ्याने आपला बेत एकदा तपासून घ्यावा. जोमार्तला वाटलं, कौतुकाने बघतेय.

अंगणात जोडचूल होती. एका हंड्यात साबण विरघळवलेलं पाणी, दुसऱ्यात मेंढ्याचा शोरबा. मटण शिजल्यावर उमसुनायने ते बाहेर काढून कापायला घेतलं आणि मागे राहिला नुसता शोरबा. म्हणजे दोन्हीकडे पांढुरकं, वाफाळतं, गरम काहीतरी. बुरुलने बजावलं होतं, "अहो, डावीकडचा हंडा माझा, उजवीकडचा आईंचा." यात न समजण्यासारखं काही नाही. पण वारा फिरला, धूर डोळ्यांत जायला लागला आणि जोमार्त शहाण्यासारखा चुलीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. डावीकडचा हंडा तिथूनही त्याला डावीकडेच हवा होता.

त्याने आधी पाहुण्यांच्या शोरब्याचे वाडगे भरले, वरून कापलेला कांदा पेरला आणि झाकून आईच्या हवाली केले. मग नमद्याला बादल्या दिल्या. बुरुल झारीने ओतत होती आणि लोकर छान बसत होती. वास आला नाही का, असं कोणीही विचारील. आला ना. पण भिजलेल्या लोकरीला मेंढ्याचा वास येतो आणि मेंढ्याच्या शोरब्यालाही मेंढ्याचाच. त्यात कोणाला संशय यायचा?

चटईसकट नमदा गुंडाळला, दोर आवळला आणि जोमार्तने जुन्या निवा गाडीच्या मागे बांधला. पूर्वी घोडा जोडायचे. आता घोडा शेजाऱ्याकडे आहे आणि शेजाऱ्याशी कालव्याच्या पाण्यावरून बोलणं बंद आहे. गाडी गल्लीतून हळूहळू निघाली, मागे नमदा गडगडायला लागला आणि जोमार्तचा ऊर भरून आला. दारादारातून लोक बघत होते. तो काच खाली करून सांगत होता, "आम्ही बिश्केकला पाठवतोय."

पहिलं कुत्रं लोहाराच्या घरापासून मागे लागलं. मग बेकरीचं. मग शाळेच्या कुंपणातली सगळी. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत गावातली झाडून सगळी कुत्री नमद्याच्या मागे शिस्तीत चालत होती आणि ज्याची पाळी येई ते एकदा चाटून मागे सरकत होतं. जोमार्तला आरशात हे सगळं दिसलं. त्याला वाटलं, मुकी जनावरं, पण कलेची जाण आहे. जाण असलेल्यांसाठी त्याने नमदा आणखी एकदा बाजारावरून फिरवून आणला.

इकडे घरात विहीणबाई शोरबा पीत होत्या. आपल्याकडे विहिणीने पहिल्या भेटीत ताट परत करणं म्हणजे मुलगीच परत करण्यासारखं, आणि शारिपा जुन्या वळणाची बाई. तिने एक घोट घेतला, नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने एक घोट घेतला, नणंदांकडे बघितलं. उमसुनाय आग्रह करत होती आणि चौघं कांद्याचे तुकडे शोधून शोधून चावत होती. शेवटी शारिपा म्हणाली, "विहीणबाई, तुमचा शोरबा फार... स्वच्छ आहे हो." तिच्या म्हाताऱ्याला तेवढ्यात ठसका लागला आणि त्याच्या मिशांना फेस आला. तेव्हा उमसुनायने वाडगा नाकाशी नेला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

अंगणात नमदा उलगडला होता. बुरुलने खाली वाकून हात लावला, मग बोटं नाकाशी धरली. लोकर मऊ, बुळबुळीत. लाटलं तरी ती आवळतच नव्हती, चरबीने तंतूवर तंतू घसरत होता. कुंपणापलीकडे कुत्री रांगेने बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "कुठल्या हंड्यातलं?"

जोमार्तने चुलीकडे बोट केलं, मग बोट दुसरीकडे वळवलं, मग हात खाली घेतला. आपण काय केलं ते त्याला एका क्षणात कळलं आणि बुरुल तिथेच जमिनीवर बसली. रागावली नाही. वर्षभराची लोकर पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. जोमार्तला त्या वेळी कोणी कालव्यात ढकललं असतं तर त्याने आभार मानले असते.

तेवढ्यात घरातून मंडळी बाहेर आली. पुढे शारिपा, हातात भरलेला वाडगा. मागे उमसुनाय, चेहरा शालीत लपवलेला. शारिपा जाब विचारायलाच आली होती, पण नमद्यावर नजर पडली आणि ती वाडगा तसाच धरून थांबली. एकटक त्या लाल रस्त्याकडे बघत राहिली.

"हे कोणी केलं?"

"मीच केलं," जोमार्त म्हणाला. "धूर आला म्हणून पलीकडे गेलो आणि चूक झाली."

"चूक?" शारिपा म्हणाली. "अरे, धुरात तुला एवढं सुचतं तर कारकुनी कशाला करतोस?"

मग खुलासा झाला. दोनदा करावा लागला, कारण जोमार्त मध्येच माफी मागत होता. शारिपाने सगळं ऐकून घेतलं, हातातल्या वाडग्यात बघितलं, नमद्याकडे बघितलं. मग पाहुण्यांसाठी काढलेल्या चिनी मातीच्या वाडग्यातलं ते साबणाचं पाणी तिने सरळ चरबीवर ओतलं. पांढरा फेस आला आणि फेसाबरोबर तेलकट राखाडी पाणी वाहायला लागलं.

"सुटतंय," ती म्हणाली. "पोटात जायच्या ऐवजी इथे तरी उपयोगी पडेल. अहो, तुमचाही वाडगा आणा. आणि हंड्यात उरलंय ना?"

तिने चांदीच्या बांगड्या काढून म्हाताऱ्याच्या खिशात टाकल्या, भरजरी झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि बुरुलच्या शेजारी गुडघे टेकले. नणंदा मागोमाग आल्या. नमदा लाटायचा म्हणजे बायकांनी ओळीने बसून कोपरापासून मनगटापर्यंतचा हात त्यावर दाबायचा, पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. त्याला हातच हात लागतात आणि आता हात आले होते. म्हातारा हंड्यातून पाणी काढून देत होता. यावेळी जोमार्तला चुलीजवळ कोणी येऊ दिलं नाही.

उमसुनाय बाजूला उभी होती. सुनेच्या या उद्योगाला तिने आजवर कधी बोट लावलं नव्हतं, तिच्या मते ही शहरातल्या लोकांची थेरं. विहीण आपल्या अंगणात गुडघ्यावर बसलीये आणि आपण उभ्या, हे तिला फार वेळ सोसलं नाही. ती येऊन सुनेच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि असा काही हात चालवायला लागली की शारिपालाही वेग वाढवावा लागला. मग दोघी विहिणींची जी काही चढाओढ लागली, तिच्यात लोकर आवळली नसती तरच नवल. बुरुल रडत होती आणि लाटत होती.

"हात दाबून फिरव, सूनबाई," उमसुनाय म्हणाली. "बिश्केकला तुझं नाव लागणार आहे त्यावर. माझ्या घरचं नाव ढिलं जाता कामा नये."

एवढा घट्ट नमदा बुरुलने आयुष्यात केला नव्हता. सूर्य कलल्यावर मंडळी मटण खायला बसली, तेव्हा कोणाला वाडगा उचलायची ताकद नव्हती आणि नाही उचलला तरी कोणाचा मान जाणार नव्हता. शारिपा निघताना म्हणाली की इतका चांगला पाहुणचार तिला कुठे मिळाला नाही आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हे.

सोमवारी ट्रक गेला, आणि नमदा त्यातच होता. बिश्केकला तो लागला समोरच्या भिंतीवर, मधोमध. उद्घाटनाला सगळे गेले, विहीणबाईसुद्धा. जोमार्त दिवसभर नमद्याशेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की ही माझी बायको, दवाखान्यात नर्स, घरी गाय आहे, तरी हे केलं. लोक नमद्यासमोर खूप वेळ थांबायचे आणि मग सगळ्यांना का कोण जाणे भूक लागायची. बुरुल एका कोपऱ्यात उभी राहून आपल्याच नावाची पाटी वाचत होती. तिने ती किती वेळा वाचली हे फक्त जोमार्तने पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी त्याने न सांगितलेली ती एकच गोष्ट.

आता दुसरा नमदा करायला घेतलाय, पहिल्याच्या दुप्पट. बुरुलने कामं वाटून दिली. दवाखान्यातली रजा तिने मागून घेतली. साबणाच्या पाण्याला उमसुनाय, लाटायला शारिपा आणि दोघी नणंदा, ओढायला शेजाऱ्याचा घोडा (बुरुलने स्वतः जाऊन बोलणं सुरू केलं). मुलींनी गाय बघायची. जोमार्त आपलं नाव येईल म्हणून वाट बघत उभा होता.

"आणि मी?"

"तुम्ही पार नरीनला जा. सकाळी निघा, अंधार पडला की या."

"नरीनला काम काय?"

बुरुलने क्षणभर विचार केला. "तिथे असणं," ती म्हणाली.

ही गोष्ट जोमार्त हल्ली कचेरीत सगळ्यांना छाती फुगवून सांगतो. माझ्यावाचून माझ्या बायकोचं काम सुरूच होत नाही, म्हणतो. मी गाडी काढतो, आई फाटकात उभी राहून बघते, गाडी वळणापलीकडे पार दिसेनाशी झाली की हात हलवून खूण करते आणि मगच बुरुल लोकरीला हात लावते.