नापास गुलाब

वासपरीक्षक बाईंनी नाक मुरडले की साबणाचा अख्खा घाणा परत वितळवायचा, असा त्या कारखान्याचा शिरस्ता होता. त्या महिन्यात बाईंनी गुलाब नापास केला, लिंबू नापास केले आणि अखेर तान्ह्या मुलांचा बिनवासाचा साबणही "मळमळतंय" म्हणून परत पाठवला.

"बाई, त्यात वासच नाही हो!" व्यवस्थापक रडकुंडीला आले. "असंच चाललं तर मला दुसरं नाक बघावं लागेल."

बाईंनी पुरावे तपासले. मळमळ सुरू झाली ती नव्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाठोपाठ. एवढ्यावरून गोळ्या दोषी ठरत नसल्या, तरी संशयित नक्कीच ठरत होत्या. घरी सासूबाईंनी मात्र त्याच पुराव्यावरून भलताच निष्कर्ष काढून टोपडे विणायला घेतले होते.

"आई, दिवस गेलेले नाहीत. दिवस जाऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्यांचा त्रास आहे हा."

"म्हणजे त्रास सगळा तोच, फक्त पोर नाही?" सासूबाईंची सुई थांबली. "हा कसला गं सौदा? ऊठ, डॉक्टरीणबाईंकडे चल. टोपड्याचा मोजा करीन मी."

डॉक्टरीणबाईंनी आधी गरोदरपणाची चाचणी करून मोज्यावर शिक्कामोर्तब केले. मग म्हणाल्या, "गोळी बदलून बघता येईल. नाहीतर गर्भाशयात तांबी बसवू. तिच्यात हार्मोन नसतं, पण पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं. तसंच गर्भाशयात बसवायचं हार्मोनवालं साधन घेतलंत तर पाळी बहुधा हलकी होते. त्यातलं हार्मोन थोडं असतं. तरी कुणालाच त्रास होत नाही, असं मी म्हणणार नाही."

"पाळीचं मी बघून घेईन. नाकाशी खेळ नको. तांबीच बसवा."

"बसवताना दुखतं का हो?" सासूबाईंनी विचारले.

"थोडं."

"थोडं कुणाच्या मते? बसवणारीच्या की बसवून घेणारीच्या?"

डॉक्टरीणबाईंनी "थोडं" मागे घेतले आणि आधी घ्यायची वेदनाशामक गोळी लिहून दिली.

तांबी बसली, गोळ्या सुटल्या आणि यथावकाश मळमळही गेली. बाई खजील होऊन व्यवस्थापकांसमोर उभ्या राहिल्या. "औषधाचा परिणाम होता, साहेब. ते घाणे वितळवले नसतील तर मी पुन्हा हुंगते."

व्यवस्थापकांचा चेहरा उजळला. याच आशेवर त्यांनी शिरस्ता मोडून सारा माल गोदामात दडवला होता. बाईंनी बिनवासाचा साबण तत्काळ पास केला, लिंबूही केले. गुलाबाची वडी मात्र त्यांनी डोळे मिटून बराच वेळ हुंगली.

"काय म्हणतंय नाक?"

"नाक ठणठणीत आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "गुलाबच वाईट आहे."

व्यवस्थापक खुर्चीत बसले. "बाई, ते जुनं औषध होतं तेच बरं होतं हो. निदान दोष द्यायला तरी कुणीतरी होतं."