सात मिनिटांचा ट्रॅक आणि तीन हाका

एका जंगलात, मुलांनो, माणसं कधीच मरत नसत. कारण तिथे माणसं नव्हती. प्राणी मात्र मरत. आणि कोणी गेलं, की त्याला गाणं म्हणून निरोप द्यायची तिथे रीत होती.

गाणं म्हणायची सुरंगी. सुरंगी म्हणजे एक तरुण टिटवी. पाय लांब, चोच बारीक आणि जीव एवढासा. पान पडलं तरी ती दचकायची. स्वतःची सावली पुढे आली तरी "अगं बाई!" म्हणून दोन पावलं मागे सरायची. टिटवी ओरडली की अपशकुन होतो, असं सगळं जंगल मानायचं. म्हणून बारशाला, लग्नाला तिला कोणी बोलवत नसे. अंत्यविधीला मात्र अगदी आग्रहाने बोलवत. मेलेल्याला आणखी काय अपशकुन होणार?

सुरंगी गायची आणि ठोकेकाका नावाचा म्हातारा सुतारपक्षी सागाच्या वाळक्या खोडावर ताल धरायचा. गाणं किती वेळ चालायचं? चालेल तितका वेळ. गेलेल्याची लेक पलीकडच्या टेकडीवरून यायची असली, की सुरंगी तीच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची. कोणी मध्येच हंबरडा फोडला, की ठोकेकाका ठोके हळू करायचे. त्याचं रडून झालं, नाक पुसून झालं, की पुन्हा लय धरायचे.

आणि पहिला अंतरा झाला, की सगळं थांबायचं. गाणं बंद, ताल बंद. मग सुरंगी खड्ड्याशी वाकून गेलेल्याला नावाने तीन हाका मारायची. प्रत्येक हाकेनंतर सगळं जंगल कान देऊन ऐकायचं. उत्तर आलं नाही, की मग माती.

"पण उत्तर कधी आलं होतं का?" असं तुम्ही विचाराल. आलं होतं. दोनदा. आणि दोन्ही वेळा ढालूआबांचंच.

ढालूआबा हे तळ्याकाठचं सर्वांत म्हातारं कासव. थंडी वाढली, की ते डोकं, पाय, शेपूट सगळं आत ओढून घेत आणि असे झोपत, की नाकाशी पीस धरलं तरी हलत नसे. दोनदा त्यांना पोचवायला नेलं. दोन्ही वेळा दुसऱ्या हाकेला ते "ओ" म्हणाले, उठून बसले आणि तेराव्याला काय बेत ठरला होता ते विचारून घरी गेले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग रंगराव कोल्हा शहराच्या कडेला वर्षभर राहून परत आला. येताना त्याने एक काळा डबा आणला. बटण दाबलं, की डब्यातून तबला वाजे, पेटी वाजे, बासरी वाजे. मागे कोरसही होता. शिवाय समोरचा आवाज आत भरूनही ठेवता येई.

"याला ट्रॅक म्हणतात," रंगराव म्हणाला. "शहरात आता सगळीकडे हेच. आरतीला हेच, लग्नाला हेच, मयताला हेच. गाणाऱ्याने फक्त उभं राहून गायचं."

"आणि ठोकेकाकांनी?" सुरंगीने भीतभीत विचारलं.

"त्यांनी आराम करावा. वयामुळे ताल ढिला झालाय त्यांचा."

"ढिला नाही रे बाबा," ठोकेकाका म्हणाले. "रडणाऱ्यासाठी थांबतो मी."

"तेच म्हणतोय मी. ट्रॅक थांबत नाही."

हे सगळ्यांना फार आवडलं. सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं. पाहुण्यांना घरी जाऊन जेवता येतं. ज्यांना रडायचं आहे त्यांनी बासरीच्या वेळी रडून घ्यावं, अशी सूचना निघाली आणि आठवडाभरात प्राणी बासरीवर रडायला शिकलेसुद्धा. एक मोर तर समेवर हुंदका द्यायचा.

फक्त तीन हाकांना जागा उरली नाही. जिथे सगळं थांबायचं, तिथे आता ती बासरी होती.

"मध्ये थोडी शांतता ठेवता नाही येणार?" सुरंगीने विचारलं.

"शांतता?" रंगरावने कपाळाला पंजा लावला. "अगं, शांतता झाली की लोकांना वाटतं डबा बिघडला."

मुलांनो, त्यानंतर एक ससा गेला, एक घार गेली. दोघंही खरोखरच गेले होते, त्यामुळे काही अडलं नाही. मग पौष महिना आला, कडाक्याची थंडी पडली, आणि एक दिवस तळ्याकाठून बातमी आली की ढालूआबा गेले.

 सुरंगी धावत तळ्यावर गेली. तिने आबांना हळूच हाक मारून पाहिली. पण घरात रडारड एवढी होती, की तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. तिने ढालूआजींना बाजूला घेतलं.

"आजी, आबा झोपले तर नसतील?"

"या वेळी नाही गं," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "आणि हे बघ, तू ते हाका मारायचं काही काढू नकोस. मागे दोनदा लोक लांबून लांबून आले, आणि हे उठून बसले. चारचौघांत मान खाली घालायची वेळ आली माझ्यावर. या वेळी तरी नीट होऊ दे."

सुरंगी मग रंगरावकडे गेली.

"रंगरावसाहेब, आबांना हाका मारायलाच हव्यात हो. नाहीतर—"

"मग बासरीवर मार ना. मी कुठे नको म्हणतोय? चौदा मात्रा आहेत. तीन हाका आरामात बसतात."

"आणि ते उत्तर देईपर्यंत थांबायचं?"

"ते मात्र नाही बसणार."

सुरंगी रात्रभर चौदा मात्रा मोजत राहिली. मोजताना दोनदा घुबडाला दचकली आणि आकडा चुकली.

सकाळी सगळं जंगल तळ्याकाठी जमलं. खड्डा खणून तयार होता. माती लोटायला बाळाप्पा रानडुक्कर उभा होता. दुसरा अंतरा सुरू झाला की माती सुरू करायची, असं त्याला बजावून सांगितलं होतं. ठोकेकाकाही आले होते. "वाजवायला नाही तर नाही, रडायला तर येऊ देतील?" म्हणाले.

रंगरावने बटण दाबलं. सुरंगी गाऊ लागली. पहिला अंतरा झाला. तिने मान वाकवली, श्वास घेतला, "आ—" म्हणायला चोच उघडली, आणि तिच्या कानाशीच बासरी अशी काही किंचाळली, की ती टुणकन उडून मागे जाऊन पडली.

सावरून उभी राहीपर्यंत चौदा मात्रा संपल्या होत्या. सगळ्यांचं रडूनही झालं होतं. दुसरा अंतरा लागला आणि बाळाप्पाने नाकाने पहिला ढीग लोटला.

 सुरंगी गायचीच थांबली.

गाणं थांबलं नाही.

रंगरावने ट्रॅकमध्ये कोरसच्या जोडीला शहरातल्या कुठल्याशा मैनेचा आवाज भरून ठेवला होता. आधाराला असावा म्हणून. ती मैना अंतरा गातच होती. समोर सगळे डोळे मिटून डोलत होते. सुरंगी चोच मिटून उभी आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. सुरंगी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना घाबरली होती. पण आपण गप्प असताना आपलं गाणं चालू आहे, याच्याइतकी ती कशालाच घाबरली नव्हती.

तेवढ्यात खड्ड्यातल्या मातीवरून एक ढेकूळ घरंगळलं. आपोआप.

"आबा!" सुरंगी ओरडली. "आबाऽऽ! आबाऽऽऽ!"

टिटवीचं ओरडणं तुम्ही ऐकलंय ना? त्याने तळ्यातलं पाणीसुद्धा शहारतं.

"वा!" पुढच्या रांगेतला वानर म्हणाला. "काय तान घेतली!"

"वरच्या षड्जाला भिडली," शेजारचा मोर म्हणाला आणि मान डोलावली.

सुरंगीने रंगरावकडे बघून पंखांनी खुणा केल्या. डबा थांबवा, डबा थांबवा.

"मध्येच थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून लागतो," रंगराव कुजबुजला. "अडीच मिनिटं राहिलीत. धीर धर जरा."

ती बाळाप्पाकडे धावली.

"अहो थांबा! आत हलतंय काहीतरी!"

"ताई, मला गाण्यावर माती लोटायला सांगितलीय," बाळाप्पा म्हणाला. तो सज्जन होता. "गाणं थांबलं की मी पण थांबतो. तोवर बाजूला व्हा, अंगावर उडेल."

आणि त्याने दुसरा ढीग लोटला. आबांची पाठ दिसेनाशी झाली.

मुलांनो, टिटवी भित्री असते. पण ती उघड्या माळावर अंडी घालते, हे विसरू नका. साप अंड्यांकडे यायला लागला, की ती त्याच्यासमोर जाऊन पंख मोडल्याचं सोंग करते आणि फरफटत पडते. भीतीने तिचे पाय लटपटत असतात, म्हणून ते सोंग आणखीच खरं वाटतं. सुरंगीला दुसरं काही सुचलं नाही. एक पंख लोंबता सोडून ती धाडकन खड्ड्यातच पडली. आबांच्या पाठीवर. आडवी.

बाळाप्पाचं नाक थबकलं.

"आता यात दोघं झाले," तो म्हणाला. "मला एकाचंच सांगितलं होतं."

"गाणारी पडली वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"पडेना का. गाणं चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग ठीक."

बाळाप्पा मात्र विचारात पडला. तो विचार करायला बसला की वेळ लागे. तेवढ्यात मैनेने शेवटची ओळ संपवली, कोरसने "हो" केलं, आणि ट्रॅक संपला.

एरवी ट्रॅक संपला की सगळे जेवायला पळत; आज खड्डाच अर्धा राहिला होता, म्हणून शांतता झाली. कित्येक महिन्यांत त्या जंगलात अशी शांतता झाली नव्हती. सगळे एकमेकांकडे बघू लागले. "डबा बिघडला का?" वानराने विचारलं.

आणि त्या शांततेत खड्ड्यातून एक शिंक आली. मोठी, ओली, म्हातारी शिंक.

"मेलेला शिंकत नाही," ठोकेकाका म्हणाले.

बाळाप्पाने भराभरा माती उकरली. पाठीवर चिकटून बसलेल्या सुरंगीसकट ढालूआबा वर आले.

"पुन्हा उठलात!" ढालूआजींनी कपाळावर हात मारून घेतला आणि मग तोच हात आबांच्या नाकावरची माती पुसायला घेतला. तो नंतर बराच वेळ त्यांनी काढला नाही.

"काय झालं काय?" आबा म्हणाले. "बासरी बरी वाजत होती. मी म्हटलं, संपू दे, मग उठू."

रंगराव लगेच डबा उंच धरून पुढे आला.

"बघितलंत?" तो ओरडला. "ट्रॅक असावा तर असा! मेलेला उठून बसला!"

सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. सुरंगीला चार जणांनी समजावलं, की आवाज चांगला आहे तुझा, पण तू मध्येच ताल सोडतेस. ते एकदा नीट बघ. पुढच्या विधीपासून रंगरावने तिला "तू पण आराम कर" असं सांगितलं. मैना होतीच.

त्या दिवशीची तिची ती किंकाळी मात्र रंगरावने डब्यात भरून ठेवली होती. लोकांना फार आवडली होती ना. आता प्रत्येक अंत्यविधीला बासरीनंतर, बरोबर सोळाव्या मात्रेला, ती वाजते. "आबा, आबाऽऽ, आबाऽऽऽ!" गेलेलं साळिंदर असो की हरिणी, हाक आबांचीच. वानर "वा" म्हणतो, मोर मान डोलावतो आणि बाळाप्पा माती लोटू लागतो.

मागच्या रांगेत ठोकेकाकांशेजारी सुरंगी उभी असते. स्वतःचाच आवाज ऐकून ती दर वेळी दचकते. आणि दर वेळी, सगळ्यांचे धक्के खात, एकटीच पुढे धावत जाऊन खड्ड्यात वाकून बघते.

सगळे तिला हसतात. अगदी तालात हसतात.

तात्पर्य : जिवंत असल्यास तसं एक दिवस आधी कळवावं. ट्रॅक सुरू झाल्यावर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.