पाठ पुढे, धार मागे

दर रविवारी सकाळी नऊला निवृत्त पोस्टमास्तर गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून खिडकीपाशी खुर्चीत बसत, थोरला जावई त्यांची दाढी करी, आणि समोरच्या कोचावर बसून धाकटा जावई जळत असे.

डोळ्याच्या ऑपरेशनपासून हे सुरू झालं होतं. चाळीस वर्षं पोस्टमास्तरांनी आपली दाढी आपल्या हातानं, आपल्या वस्तऱ्यानं केली होती. आता डोळ्यांवर काळा चष्मा आला, वस्तरा हातात धरायला डॉक्टरांनी मनाई केली. थोरला जावई पडला घड्याळजी, त्यामुळे तो मान आपोआप त्याच्याकडे गेला. "हात काय हलका आहे हो यांचा," पोस्टमास्तर फेसातून म्हणत. धाकटा वीजबिलाच्या ऑफिसात कारकून होता. त्याच्या हाताबद्दल या घरात एकदाच बोललं गेलं होतं, काचेचा जग फुटला तेव्हा.

कारकुनाला दाढीचं काही नव्हतं. दाढी झाली की पोस्टमास्तर घड्याळजीच्या खांद्यावर हात ठेवून उठत, ते त्याला सहन होत नसे. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याच्या खांद्याचा आधार या माणसानं एकदाही घेतला नव्हता. खांदा तर साडूपेक्षा त्याचाच रुंद होता.

मग एका रविवारी घड्याळजीनं सांगितलं, परगावी मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलंय, आठवडाभर जावं लागेल, पुढच्या रविवारी काही जमायचं नाही.

"मी करीन दाढी," कारकून म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो ऑपरेशनच करीन म्हणाला होता. पोस्टमास्तरांनी गालावरून हात फिरवला. "वस्तरा पट्ट्यासकट घरी न्या," ते शेवटी म्हणाले. "आठवडाभर त्याची सेवा करा. बघू कसं जमतं. ओला ठेवायचा नाही. पुसून तेलाचं बोट फिरवायचं. रोज चामड्याच्या पट्ट्यावर वीस वेळा ओढायचा. आणि मुख्य म्हणजे पाठ पुढे, धार मागे. उलटायचा तोसुद्धा पाठीवरच. हे चुकलं की संपलं."

कारकुनाचे कान सासऱ्यांकडे होते, डोळे मात्र साडूकडे. साडू गालातल्या गालात हसत होता, निदान कारकुनाला तसं वाटलं. त्यामुळे त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. "समजलं," एवढंच म्हणाला.

सोमवारी त्यानं पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला, खालचं टोक टेबलाच्या पायाला बांधलं आणि विचार केला. पाठ पुढे, म्हणजे पट्ट्याच्या पुढे. धार मागे, म्हणजे आपल्या मागे. नाकाडोळ्यांपासून लांब. जुन्या माणसांनी उगाच नियम केले नसणार. तो पट्ट्याकडे पाठ करून उभा राहिला, दोन्ही हात मागे नेले आणि अंदाजानं वस्तरा ओढू लागला. तेवढ्यात बायको वाळलेले कपडे घेऊन आत आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"सेवा."

"कुणाची?"

"पाठ पुढे, धार मागे. तुझ्याच बाबांनी सांगितलंय."

"बाबा चाळीस वर्षं असे उलटे उभे राहायचे? मी कसं कधी पाहिलं नाही?"

"तू झोपलेली असायचीस."

"एकदा भावजींना फोन करून विचारा ना."

"त्यांना? पाठ मोडली तरी विचारणार नाही."

मंगळवारी पाठ खरोखरच धरली. बुधवारी त्याला आठवलं की वस्तरा उलटायचाही पाठीवरच असतो, म्हणून त्यानं तो आपल्या कमरेला टेकवून उलटला. पायजम्याची नाडी तुटली. पायजमा सावरायला एक हात धावला, दुसरा हात घाबरून खाली आला आणि पोस्टमास्तरांचा चाळीस वर्षांचा पट्टा मधोमध कापला गेला.

गुरुवारी त्यानं स्वतःचा कमरेचा पट्टा गजाला लावला आणि तसाच ऑफिसला गेला. अकरा वाजता साहेबांनी वरच्या फळीवरची फाइल मागितली.

"साहेब, एकच हात मोकळा आहे."

"दुसऱ्या हातात काय आहे?"

"पँट."

साहेबांनी फाइल स्वतः काढली. शुक्रवारी वस्तरा बक्कलवर आपटला, टण्णकन आवाज झाला आणि धारेला खसखशीएवढा खांडा पडला. त्यावर कारकुनानं तेलाचं बोट मात्र भरपूर फिरवलं.

रविवारी तो सासऱ्यांकडे पोचला, तर कोचावर साडू बसलेला. घड्याळ शनिवारीच चालू झालं होतं. निदान हा तरी समोर नको होता, असं कारकुनाला फार वाटलं. पोस्टमास्तर चेहऱ्याला फेस लावून तयारच होते. त्यांनी वस्तरा मागितला आणि धारेवर अलगद अंगठा ठेवला.

"हे काय?" ते म्हणाले. "आणि पट्टा कुठाय?"

कारकुनानं पिशवीतून एक तुकडा काढला, मग दुसरा. घड्याळजी सरसावून बसला.

"पाठ पुढे ठेवली होती ना?"

"रोज वीस वेळा, बाबा."

"मग पट्टा कापलाच कसा? दाखवा बघू कसं केलंत."

कारकून मुकाट्यानं खिडकीपाशी गेला, पोस्टमास्तरांकडे तोंड केलं, गजाकडे पाठ केली, दोन्ही हात मागे नेले आणि रिकाम्या हातांनी ओढून दाखवलं. उलटतानाची कमरेची हालचालही त्यानं प्रामाणिकपणे केली.

मग पोस्टमास्तरांच्या गालावरचा फेस थरथरू लागला.

"वस्तऱ्याची पाठ हो, जावईबापू," ते कसेबसे म्हणाले. "त्याची जाड बाजू. तुमची नव्हे."

"बाबा, नाडी पण तुटली यांची," धाकटीनं घरचा आहेर दिला.

पोस्टमास्तर खुर्चीत दुमडले. डोळा सांभाळा, डोळा सांभाळा, म्हणत थोरली स्वयंपाकघरातून धावत आली. ऑपरेशननंतर या घरात कुणी असं हसलंच नव्हतं. हसून हसून दमल्यावर ते उठले, आणि उठताना जो खांदा सगळ्यात जवळ होता त्यावर त्यांनी हात ठेवला. तो कारकुनाचा होता. कारकुनाला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी त्याचं लक्ष कोचाकडे गेलं. साडूच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं.

घड्याळजीनं चार दिवस दगडावर घासून खांडा काढला, नवा पट्टाही आणला. पुढच्या रविवारी फेस लावून झाला, टॉवेल नीट झाला, आणि घड्याळजी वस्तरा घेऊन पट्ट्यापाशी गेला. तिथं तो जरा खाकरला. मग वळून पट्ट्याकडे पाठ करून उभा राहिला, हात मागे नेले आणि सासऱ्यांकडे आशेनं बघत वस्तरा ओढू लागला. वीस वेळा ओढला. पट्ट्यावर ओरखडासुद्धा उठला नाही.

कुणी हसलं नाही. पोस्टमास्तरांनी काळा चष्मा नाकावर सारखा केला.

"राहू द्या, उगाच दमाल," ते म्हणाले. "हात तुमचाच, त्यात वाद नाही. पण पाठ यांचीच."