कोहळा पक्ष मैसुरात

आमच्या पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन मैसूरला खेचून आणणं म्हणजे दोन कॉफींच्या मधलं काम आहे, असं मी गुरुकाकांना सांगितलं. ते रडायचेच बाकी राहिले.

काका अखिल राष्ट्रीय समाधान पक्षाचे मैसूर शहराध्यक्ष. शहरात पक्षाचे सभासद चार: काका, काकू, मी आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, ज्याला आपण सभासद आहोत हे ठाऊक नाही. ज्या शहरात अधिवेशन, तिथल्या शहराध्यक्षाला व्यासपीठावर खुर्ची, असा पक्षाचा नियम. त्या खुर्चीसाठी काकांनी कोटसुद्धा शिवून ठेवलाय. यंदा सामना मैसूर आणि जबलपूरचा, आणि निवड करायला समिती येणार होती. निरोप होता, 'जिथं जनतेत पक्षाची मुळं दिसतील, तिथं अधिवेशन.'

"मुळं कुठनं दाखवायची रे सुदीप?" काका म्हणाले. "बॅनरचं दुसरं टोक धरायला माणूस नाही आपल्याकडं."

"काका, आपलं चिन्ह काय?"

"कोहळा."

"मग त्यांना आयुधपूजेला बोलवा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा, आणि तेव्हा मैसुरात चौकाचौकात कोहळ्यांचे डोंगर असतात. काकांनी मला मिठीच मारली.

समितीप्रमुख शंभूराव ग्वाल्हेरचे मराठी, मिशा सरदारी. सोबत मान हलवणारे दोघे. गाडी काकांची, चालवत होतो मी. स्टेशनपासूनच शंभूराव काचेला नाक लावून बसले. हातगाड्यांवर कोहळे, फुटपाथवर कोहळे. एक बाई तर पोराला चालवत आणि कोहळा कडेवर घेऊन निघालेली.

"गुरुराव, ही सगळी आपली माणसं?"

"मनापासून," काका म्हणाले. खोटं बोलायचा सराव नसला की असं होतं.

शंभूराव गहिवरले. "आमच्या घरातसुद्धा आपलं चिन्ह कुणी ओळखत नाही हो."

माझं चुकलं एवढंच, की हे कोहळे कशासाठी येतात ते मी विसरलो. जन्मापासून बघतोय, म्हणूनच विसरलो. श्वास घेतोय हे कुणाच्या लक्षात असतं?

हेब्बाळच्या कारखान्यांपाशी पोचलो, तर एका कंपनीच्या बसपुढं ड्रायव्हरनं कुंकू भरलेला कोहळा उचलला, ओवाळला आणि रस्त्यावर आपटला. लालभडक चिखल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढची बस. मग पुढचं फाटक. रस्ता असा दिसायला लागला, की पक्ष आधी निवडणुकीत पडला आणि मग त्याच्यावरून रोलर गेला.

"हे कोण लोक?" शंभूरावांनी विचारलं.

"विरोधक," मी म्हणालो.

"एवढे?"

"दृष्ट काढतायत हो," काका कळवळून म्हणाले.

"म्हणजे सगळ्या गावाची पीडा आपल्या चिन्हावर उतरवून ते फोडतात?"

काका काच पुसायला लागले. कारण उत्तर 'हो' असंच होतं.

"हा भागच बिघडलेला आहे," मी म्हणालो. "आमच्या गल्लीत चला. तिथं कोहळ्याला देव मानतात."

गल्लीत अनुसूयाकाकू दारातच उभी. "अय्यो, आत्ता येताय? गाडीची पूजा कोण करणार? पाहुण्यांना तसंच स्टेशनला धाडायचं होय? उतरू नका, बसा सुम्मने, गपचूप." तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, त्यावर चार लिंबं मांडली, हात जोडले आणि काकांना खाली बोलावून हातात कोहळा दिला.

मी आतून 'नको, नको' अशी मान हलवत होतो. काकूनं डोळे वटारले. काका पक्षात आले होते हौसेनं, संसारात राहिले होते धाकानं. कोहळा फुटला.

पाहुण्यांना स्टेशनवर सोडलं. घरी येऊन काकांनी तो कोट काकूला दिला. "भाडेकरूला दे. त्याला तरी होईल."

आठवड्यानं शंभूरावांचा फोन आला. काकांनी उभं राहून घेतला.

"गुरुराव, डोळे उघडलेत तुम्ही. कोहळा अपशकुनी आहे हे आमच्या तोंडावर दाखवायला छाती लागते. चिन्ह बदलतोय. वहिनींनी लिंबांची जी पूजा केली, तशी श्रद्धा मी देशात पाहिली नाही. आजपासून आपलं चिन्ह लिंबू. अधिवेशन मैसूरला, पुढच्या आयुधपूजेलाच."

काकांनी भाडेकरूच्या अंगावरून कोट परत आणला. आता तो घालून रोज संध्याकाळी जेवणाच्या खुर्चीत ताठ बसायचा सराव चाललाय.

पूजा झाली, की काकू बॉनेटवरची लिंबं उचलून चाकांखाली ठेवते आणि गाडी त्यांच्यावरूनच पुढं न्यायची असते. आत बसलेल्याला ते दिसत नाही. त्या दिवशी गाडी हलताच शंभूराव एवढंच म्हणाले होते, "रस्ता जरा खराब दिसतो."

काकांना हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. पुढच्या आयुधपूजेला मी सरगूरला मावशीकडे असेन.