आईसाहेबांच्या गलबतावरील त्या तजविजेची हकीकत

श्रीवरुणाय नमः। दर्या शांत असो, वारा पाठीशीं असो, आणि ऐकणारानें नाकास पदर लावूं नये, कीं मजकूर लाजेचा दिसतो तरी दुःखाचा आहे. शके सोळाशें एकसष्ट, सिद्धार्थी नाम संवत्सरे, कार्तिक मास. ते समयीं एका समुद्रतीरींच्या राज्यांत राजमाता आईसाहेब यांणीं मनीं आणिलें कीं, चाळीस वर्षें माहेर पाहिलें नाहीं, धाकटी बहीण तेथें अंथरुणास खिळली आहे, डोळे मिटण्यापूर्वीं तिची एक भेट घ्यावी. घाटवाटेनें पालखीचे हिसके म्हाताऱ्या हाडांस सोसवेनात, म्हणोन तीन दिवसांचा जलमार्ग नेमिला, आणि खासें गलबत सजविण्याचें काम सोनकोजी मेस्त्री यांस सांगितलें. मेस्त्री मोठा कसबी, तो बोले तें लाकूड ऐके. परंतु थोरामोठ्यांपुढें उभा राहिला म्हणजे "जी" हा एकच शब्द त्याचे पदरीं उरे. आतां गलबतावरील चाल ऐसी कीं, खलाशी पुढील टोकाच्या फळीवर बसोन दर्यासच परसाकडची जागा समजतात. राजमातेस तें कैसें घडावें? मग दरबार भरला, परंतु सरकारी कागदीं त्या स्थळाचें नांव लिहिणें म्हणजे मर्यादेचा भंग, म्हणोन "ती तजवीज" ऐसा शब्द घातला, आणि सात मुत्सद्दी तीन दिवस "ती तजवीज" घोळीत बसले, आणि चौथे दिवशीं एक नवा कारकून पुसता जाहला, "ती म्हणजे कोणती?" तेव्हां सातही जणांनीं छताकडे पाहिलें. जिच्याकरितां तजवीज तिला मात्र कोणीं पुसिलें नाहीं.

तों आईसाहेबांनीं आपणच मेस्त्रीस बोलावून पडद्याआडून सांगितलें, "सोनकोजी, तुला लेकाच्या जागी मानून बोलते. ते ठिकाण माझ्या कोठडीला लागूनच कर, अन् आतून कडी घाल. मी कोठडीबाहेर पाऊल टाकलं की चोपदार ललकारी देतो, शिंग वाजतं, ही रीत तुला ठाऊक आहे. त्या कामाला जाताना शिंग वाजलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल रे." मेस्त्री म्हणाला, "जी, आईसाहेब." आणि दुसरे दिवशीं कारभारी आबाजीपंत गलबतावर आले आणि बोलिले, "मेस्त्री, कोठडीत आईसाहेबांचा देव्हारा आहे. त्याच्या भिंतीला भिंत लावून ते स्थळ? छे छे, मागल्या टोकाला न्या!" येथें एकच गोष्ट बोलावयाची होती कीं, पंत, देव्हारा पलीकडल्या भिंतीस न्यावा, देव कांहीं रागावणार नाहींत, परंतु मेस्त्री म्हणाला, "जी, पंत." आणि खरें सांगावें तर मागील टोकाची जागा त्याचेही मनांत भरली होती, कीं तेथें कसब दाखवावयास ऐसपैस वाव होता. मग सागवानी हौद केला, सांधे काथ्यानें आणि राळेनें बुजविले, वरती गुळगुळीत बैठक केली, झांकणास कातड्याची पट्टी मारिली, आणि तांब्याची नळी पुरुषभर उंच चढविली कीं आंतला वारा वरचेवर निघोन जावा. तळाशीं बूच ठेविलें. खाडींत कोळियांचीं जाळीं असतात, तेथवर मैला हौदांत राखावा आणि खोल दर्यांत बूच काढावें, ऐसी योजना. सात वेळां पाणी भरोन पाहिलें, थेंब गळला नाहीं. पंत स्वतः बैठकीवर बसोन पाहते जाहले, आणि त्यांस उठावयास अंमळ उशीरच लागला, इतका आराम. कडीही आतून घातली. कोठडीपासोन तेथवरची वीस पावलें गलबताच्या उघड्या फळ्यांवरून, चाळीस खलाशांच्या देखत, एवढें मात्र राहिलें.

मग मार्गशीर्षांत सुमुहूर्त पाहोन शिडें चढलीं आणि गलबत निघालें. पहिले दिवशीं पंत मागील टोकास जाऊन हुंगोन आले आणि म्हणाले, "वाहवा, वास म्हणून नाही!" दुसरे दिवशीं खलाशांचा म्होरक्या तांडेल यानें तेंच म्हटलें, आणि पंतांनीं आपले खांद्यावरील शेला मेस्त्रीस दिला, आणि मेस्त्री इतका फुगला कीं शिडास वारा कमी पडावा. गलबत सुटल्यापासोन शिंग एकदांही वाजलें नाहीं, हें सर्वांच्या कानांस ठाऊक होतें आणि मनांत कोणाच्याही आलें नाहीं. तिसरे दिवशीं माहेरचा डोंगर दिसूं लागला, तों दासी भिवरा धांवत आली कीं आईसाहेब बोलत नाहींत. सोबतच्या वैद्यांनीं सुकलेली जीभ पाहिली आणि पुसिलें, "पाणी कधी घेतलं होतं?" भिवरा रडत बोलली, "निघायच्या आदल्या दिसापासनं घोट न्हाई घेतला जी. मी लई इनवलं. म्हनाल्या, पानी प्यालं की जावं लागंल, अन् गेलं की शिंग वाजंल. तीन दिस काढते, मग बहिनीच्या परसात जाईन." हें ऐकोन मेस्त्रीनें खांद्यावरील शेला काढोन ठेविला. किनारा लागला, बहिणीस डोलींतून गलबतावर आणिलें, तिणें हात हातीं घेऊन "अक्का, अक्का" ऐशी हांक मारिली, परंतु अक्कांनीं डोळे उघडिले नाहींत, आणि दिवस मावळावयाचे आंत आईसाहेब कैलासवासी जाहल्या. त्यांस कोठडीबाहेर आणितां चोपदारानें रीतीप्रमाणें ललकारी दिली आणि शिंग वाजलें. त्या सफरींतील तें पहिलें शिंग.

परततां खोल दर्यांत तांडेल बूच काढावयास आला, त्यास दूर करोन मेस्त्रीनें आपणच हौदाचें झांकण उघडिलें. आंत कोऱ्या सागाचा आणि राळेचा वास, तळ कोरडा ठणठणीत. मेस्त्री तेथेंच बसला, आणि "लेक म्हणालीस, आई, अन् मी नुसतं जी म्हटलं" ऐसें म्हणोन सर्वांदेखत ओक्साबोक्शीं रडला, आणि पंत दर्याकडे तोंड करोन उभे राहिले.

तात्पर्य इतकेंच. पुढें सोनकोजीनें बहुत गलबतें बांधिलीं, आणि घरच्या बायकांस पुसल्यावांचोन तें स्थळ कोठें नेमिलें नाहीं, त्याची कीर्तीही जाहली. परंतु जिणें न पुसतां आपण होऊन सांगितलें होतें, तिचें ऐकिलें नाहीं, हें शल्य त्याचे उरीं मरेपर्यंत राहिलें. घडलें तैसें लिहिलें, वाचणारानें उणें अधिक क्षमा करावें.